घराभोवतीचे वृक्ष : सदाहरित आणि शोभिवंत वृक्षांची निवड

घर बांधून पुरे झाले म्हणजे भोवतालच्या मोकळ्या जागेत झाडे लावण्याचा विचार सुरू होतो, आणि तो बहुधा फुलांपासून सुरू होतो. वैशाखात रस्त्याच्या कडेचा गुलमोहर तांबड्या फुलांनी डवरलेला दिसतो, म्हणून त्याचे रोप आणले जाते. किंवा रोपवाटिकेत जे रोप सर्वांत उंच व टवटवीत असेल ते पसंत पडते. रोप त्या वेळी हातभर उंचीचे असते आणि खड्डा खणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तेवढेच असते. वीस-पंचवीस वर्षांनी त्याच रोपाचा पर्णसंभार गच्चीवर येतो, फांद्या विजेच्या तारांत अडकतात, अंगणातील फरशी उचलली जाते आणि प्रत्येक पावसाळ्यात वादळी वाऱ्याची धास्ती घ्यावी लागते. वृक्ष लावण्यास कोणाची परवानगी लागत नाही. पण तो तोडावयाचा झाल्यास महाराष्ट्रातील शहरांत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये आणि दिल्लीत १९९४ च्या कायद्यान्वये रीतसर अर्ज करावा लागतो. तशी परवानगी मिळाली तरी वीस वर्षांची सावली एका दिवसात नाहीशी होते, आणि नव्या रोपास पुन्हा तितकाच काळ द्यावा लागतो.

वृक्षाचे फूल वर्षातून तीन-चार, फार तर सहा-सात आठवडे पाहावयास मिळते. पान मात्र आठ ते बारा महिने वृक्षावर असते, आणि ते नसते तेव्हा त्याचा अभाव तीव्रतेने जाणवतो. म्हणून घराजवळच्या वृक्षाची निवड करताना त्याचे पान केव्हा येते व केव्हा गळते हे प्रथम पाहावे, त्यानंतर पूर्ण वाढ झालेल्या वृक्षाचा आकार पाहावा, आणि फुलाचा विचार शेवटी करावा. प्रत्यक्षात हा क्रम बहुधा उलटा असतो.

सदाहरित वृक्षाची पाने

सदाहरित वृक्षाची पाने कधी गळत नाहीत, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. प्रत्येक पानाला ठरावीक आयुष्य असते. फरक एवढाच की, सदाहरित वृक्षाची जुनी पाने थोडी थोडी करून गळतात, अथवा नवी पालवी फुटू लागल्यावरच गळतात. त्यामुळे वृक्ष केव्हाही उघडा पडत नाही. बकुळीखाली बारा महिने केर काढावा लागतो, तर सावरीखाली तो काही आठवडेच काढावा लागतो. केराला कंटाळून सदाहरित वृक्ष लावणाऱ्यांची म्हणूनच निराशा होते.

ह्या दोन प्रकारांच्या मध्ये एक तिसरा वर्ग आहे आणि आपल्या देशात तोच फार महत्त्वाचा आहे. कडुनिंब, करंज, पिंपळ इत्यादी वृक्ष वर्षातून काही दिवस किंवा काही आठवडे पाने टाकतात आणि लगेच नवी पालवी धारण करतात. कडुनिंबाची पानगळ माघ-फाल्गुनात होते, आणि चैत्राच्या प्रारंभी तो कोवळ्या तांबूस पानांनी भरतो. गुढीपाडव्यास महाराष्ट्रात कडुनिंबाची कोवळी पाने खातात; त्याच सुमारास उगादीच्या सणाला कर्नाटक व आंध्र प्रदेशात त्याची फुले पचडीत घालतात. ह्या चालीरीतींमध्ये वृक्षाचे पंचांग अचूक नोंदलेले आहे. पावसाला अद्याप दोन-तीन महिने अवकाश असतो, जमिनीचा वरचा थर कोरडा ठणठणीत असतो, तरीही खोलवर गेलेली मुळे आणि खोडात साठविलेले पाणी यांच्या बळावर वृक्ष ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी पालवतो. घराच्या दृष्टीने याहून सोयीचा क्रम दुसरा नाही.

विलायती नियम आणि आपले ऋतू

बागकामावरील पाश्चात्त्य ग्रंथांत एक नियम हमखास आढळतो. घराच्या दक्षिणेस पानझडी वृक्ष लावावा. उन्हाळ्यात त्याची सावली मिळते, हिवाळ्यात पाने गळून ऊन घरात येते, असा तो नियम आहे. इंग्लंड किंवा उत्तर अमेरिकेत तो योग्य आहे, कारण तेथील वृक्षांची पाने थंडीमुळे गळतात. आपल्याकडे तो जसाच्या तसा लागू करणे दोन कारणांनी चुकीचे ठरते.

पहिले कारण पानगळीचे. भारताच्या बहुतेक भागांत पाने गळतात ती मुख्यतः कोरडेपणामुळे. त्यामुळे आपले पुष्कळसे पानझडी वृक्ष डिसेंबरात नव्हे, तर फेब्रुवारी ते एप्रिल-मे या काळात उघडे असतात. पळस, पांगारा, सावर हे सर्व ह्या वर्गातले. गुलमोहरही मार्च-एप्रिलमध्ये बहुधा निष्पर्ण असून त्याच्या वाळलेल्या शेंगा फांद्यांवर लोंबत असतात. बहावा फुलतो तो केरळातील विषू सणाच्या सुमारास, म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून. त्या वेळी त्याच्यावर पाने जेमतेम असतात आणि पिवळ्या झुंबरांतून ऊन सरळ खाली उतरते. बहावा दुरून पाहावा, त्याच्याखाली दुपारी बसण्याचा बेत करू नये. अंगणाच्या टोकाला, खिडकीतून दिसेल अशा जागी तो लावल्यास त्याच्याइतका देखणा वृक्ष शोधून सापडणार नाही.

दुसरे कारण सूर्याच्या मार्गाचे. दिल्लीत २१ जूनच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ८५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. दहा मीटर उंचीच्या वृक्षाची सावली त्या वेळी त्याच्या उत्तरेस एक मीटरही पसरत नाही. २१ डिसेंबरच्या सुमारास तोच सूर्य ३८ अंशांवर असतो आणि त्याच वृक्षाची सावली सुमारे तेरा मीटर लांब पडते. तेव्हा दिल्ली, लखनौ किंवा चंदीगढ येथे घराच्या दक्षिणेस दाट सदाहरित वृक्ष लावणारा मनुष्य उन्हाळ्याच्या दुपारी काहीच मिळवीत नाही आणि हिवाळ्यात हवेहवेसे वाटणारे ऊन मात्र गमावून बसतो. पुण्याच्या अक्षांशावर सूर्य मेच्या मध्यास व जुलैअखेरीस बरोबर माथ्यावर येतो आणि मधल्या काळात तर तो किंचित उत्तरेकडे असतो. तेथे उन्हाळ्यापुरता दक्षिणेच्या वृक्षाचा उपयोग आणखी कमी.

उन्हाळ्यात घर खरोखर तापते ते छतातून आणि पश्चिमेच्या भिंतीतून. दुपारी तीननंतरचे तिरपे ऊन भिंतीवर पडते, भिंत ती उष्णता साठविते आणि रात्री खोलीत सोडते. सदाहरित किंवा चैत्रात पालवणाऱ्या वृक्षाची खरी जागा म्हणून पश्चिमेस आहे. तेथे दाट पर्णसंभाराचा वृक्ष असला की तो ऊन अडवितोच, शिवाय पानांतून पाण्याची वाफ होत राहते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. एवढ्या उष्णतेने साधारण आठ लिटर पाणी उकळीस आणता येईल. वृक्ष ही उष्णता भोवतालच्या हवेतून व स्वतःच्या पानांतून घेतो. पत्र्याच्या छपराची सावली आणि वृक्षाची सावली यांत जाणवणारा फरक मुख्यतः यामुळे पडतो.

उत्तर भारतात दक्षिणेस वृक्ष हवाच असेल, तर हिवाळ्यात पाने टाकून वसंतात लवकर पालवणारा निवडावा. बकाण निंब डिसेंबर ते फेब्रुवारी उघडा असतो आणि मार्चमध्ये पालवी व सुवासिक जांभळट फुले एकदमच घेऊन येतो. तो झपाट्याने वाढतो. मात्र त्याचे लाकूड ठिसूळ, आयुष्य बेताचे, आणि फळे विषारी आहेत, हे लहान मुले असलेल्या घरी ध्यानात ठेवावे. ताम्हण हा अधिक भारदस्त पर्याय होय. थंडीत त्याची पाने तांबूस होऊन गळतात, उन्हाळा लागताच नवी येतात, आणि एप्रिलपासून हिरव्या पानांवर जांभळ्या फुलांचे तुरे उभे राहतात. महाराष्ट्राने ताम्हणाला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. त्याचे मूळचे ठिकाण मात्र ओढ्याकाठचे, त्यामुळे कोरड्या माळरानावर त्याला पाणी घालण्याची तयारी हवी.

कोकण, गोवा व केरळ येथे हिवाळ्याच्या उन्हाची ओढ नसते; तेथे अडचण दमटपणाची आहे. दाट सदाहरित वृक्ष भिंतीस लागून वाढला, तर चार महिन्यांच्या पावसात भिंत वाळत नाही आणि तिच्यावर शेवाळ धरते. तेथे वृक्ष कोणता यापेक्षा तो घरापासून किती दूर याला महत्त्व अधिक. समुद्राच्या अगदी जवळ खाऱ्या वाऱ्याला टिकणारे उंडी व भेंड हे दोन सदाहरित वृक्ष विशेष उपयोगी पडतात.

दोन अशोक

अशोकाच्या नावाने रोपवाटिकांत जे रोप मिळते, ते बहुतेक वेळा अशोकाचे नसते. सरळ खांबासारखा वाढणारा, लांब लाटदार कडांची पाने खाली लोंबवणारा जो वृक्ष शाळा, कचेऱ्या आणि बंगल्यांच्या कुंपणाशी रांगेने उभा दिसतो, त्याला वनस्पतिशास्त्रात पूर्वी पॉलिअल्थिया म्हणत, आता मोनून लाँगिफोलियम म्हणतात. गुजरातेत त्याला आसोपालव हे नाव आहे. बंगालमध्ये त्यालाच देवदारू म्हणतात, आणि हिमालयातील खरा देवदार पाहिलेल्या मनुष्याचा तेथे गोंधळ उडतो. ह्याची फुले हिरवट व नगण्य असतात. अरुंद जागेत पडद्यासारखा उपयोग करावयाचा असल्यास हा वृक्ष योग्य आहे; परंतु सावलीसाठी लावावयाचा असेल तर त्याच्या खांबासारख्या प्रकाराचा काहीही उपयोग नाही. दहा रोपांची रांग लावूनही एक खाट टाकण्याइतकी सावली मिळत नाही. त्याच खर्चात एक बकूळ आणि एक करंज लावणे केव्हाही अधिक शहाणपणाचे.

खरा अशोक, म्हणजे सीताअशोक, हा सराका असोका होय. तो चिंचेच्या व बहाव्याच्या कुळातला आहे. उंची सहा ते नऊ मीटर, माथा गोल व दाट, पाने बारा महिने. कोवळी पाने ताम्रवर्णी असतात आणि कोमेजल्यासारखी मऊ लोंबतात. काही दिवसांनी ती ताठ होऊन हिरवी होतात. प्रथमच पाहणारा मनुष्य झाडाला पाणी कमी पडले असे समजून घागरीमागून घागरी ओततो. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात खोडावर व फांद्यांवर नारिंगी फुलांचे झुबके येतात. कालांतराने त्यांचा रंग तांबडा होतो. ह्या फुलांना पाकळ्या नसतात, रंगीत दिसतात ती निदले. सालीच्या औषधी उपयोगासाठी वारेमाप तोड झाल्यामुळे रानातील सीताअशोक आज धोक्यात आलेल्या वनस्पतींत गणला जातो. मध्यम अंगणासाठी यापेक्षा चांगला सदाहरित शोभिवंत वृक्ष सुचविणे कठीण आहे. मात्र तो सह्याद्रीच्या ओलसर, सावलीच्या रानातला असल्यामुळे मराठवाड्याच्या किंवा राजस्थानच्या उघड्या उन्हात पहिली काही वर्षे त्याची पाने करपतात. घराच्या पूर्वेस, दुपारनंतर सावली येईल अशा जागी तो चांगला रुजतो.

बकुळीची गोष्ट वेगळी. ती उन्हाला डगमगत नाही, माथा आपोआप घुमटाकार धरते, वाऱ्याला दाद देत नाही, आणि तिची फुले सुकल्यावरही सुगंध टिकवून ठेवतात. तिचा एकच दोष सांगितला जातो, तो म्हणजे ती सावकाश वाढते. घराजवळच्या वृक्षाच्या बाबतीत हा दोष मानावा की गुण, हे ज्याचे त्याने ठरवावे. नागकेशर याहूनही सावकाश वाढतो, आणि त्याला पाऊसही भरपूर लागतो. सप्तपर्णी मात्र झपाट्याने वाढते, नेहमी हिरवीगार राहते आणि म्हणूनच अलीकडच्या दशकांत दिल्लीसारख्या शहरांत फार लावली गेली. ऑक्टोबरपासून ती फुलते. तिचा उग्र वास दुरून एखाद्या वेळी सुखद वाटतो, पण शयनगृहाच्या खिडकीशी तो रात्रभर सहन करणे कित्येकांना जड जाते. असा वृक्ष रस्त्याच्या कडेस एकेकटा असावा.

जमिनीखालचा भाग

वृक्ष जितका वर तितका खाली, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः पाणी व क्षार शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या साठ-सत्तर सेंटिमीटरांतच असतात, आणि ती पर्णसंभाराच्या कडेच्याही पलीकडे आडवी पसरतात. मुळांचे टोक नळी फोडून आत जात नाही. परंतु नळीचा सांधा झिरपत असेल तर त्या ओलाव्याकडे ते वळते, फटीतून शिरते आणि आत जाडजूड होते. जुन्या घरांच्या सांडपाण्याच्या नळ्या तुंबण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

दख्खनच्या काळ्या जमिनीत आणखी एक भर पडते. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते व भेगाळते. मोठा वृक्ष पायाजवळची माती उन्हाळ्यात अधिकच कोरडी करतो. पाया उथळ असल्यास जोते एका बाजूस खचून भिंतीला तिरपी चीर जाते. मुरमाड किंवा तांबड्या जमिनीत हा धोका फारसा नाही. पूर्ण वाढलेल्या पर्णसंभाराची निम्मी रुंदी आणि वर दोन मीटर, इतके अंतर भिंतीपासून ठेवावे, हा साधारण हिशेब धरण्यास हरकत नाही. काळ्या जमिनीत ते आणखी वाढवावे. ह्या हिशेबाने गुलमोहर, पर्जन्यवृक्ष किंवा वड लहान अंगणात बसतच नाहीत. पर्जन्यवृक्षाचा विस्तार तर वीस-पंचवीस मीटरांचा होतो. गुलमोहर हा मूळचा मादागास्करचा; त्याची मुळे उथळ, लाकूड हलके. नळ किंवा तारांसाठी चर खणताना त्याची एका बाजूची मुळे तुटली, तर पुढच्या वादळात तो त्या बाजूचा आधार नसल्यामुळे कोलमडतो. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात एकट्या मुंबईत शेकडो वृक्ष पडले. बुंध्याला गळफास दिल्याप्रमाणे केलेले काँक्रीट हाही वृक्षांना होणारा मोठा अपाय आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील वृक्षांभोवतालचे एक मीटर त्रिज्येतील काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला, तो याच कारणासाठी.

हिरवेपणा हवा, तो लवकर हवा आणि कष्टावाचून हवा, ह्या मागणीतून अलीकडे कोनोकार्पस नावाचा परदेशी सदाहरित वृक्ष देशभर पसरला. तो कोणत्याही जमिनीत येतो, जनावरे त्याला तोंड लावीत नाहीत, आणि दोन-तीन वर्षांत भिंतीसारखा दाट पडदा तयार होतो. त्याची मुळे नळ व गटारे बिघडवितात आणि परागांमुळे श्वसनाचा त्रास होतो, अशा तक्रारी वाढल्यावर गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीस बंदी केली. रोपवाटिकेत ज्याची शिफारस सर्वांत जोरात होते, त्या रोपाविषयी दोन प्रश्न अधिक विचारावेत, हे ह्या एका उदाहरणावरून पटावे.

एक अंगण आणि एक आळी

वर्षभर काही ना काही फुललेले असावे अशी पुष्कळांची इच्छा असते. बंगळूर शहरात ती पुष्कळ अंशी पुरी झाली आहे. १९०८ साली म्हैसूर संस्थानच्या सेवेत आलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव क्रुम्बिगेल यांनी एकामागून एक फुलणारे वृक्ष रस्त्यारस्त्यांवर लावण्याची कल्पना तेथे राबविली. टॅबेबुइया, जॅकरांडा, गुलमोहर, सोनमोहर अशी ती माळ ओळीने फुलत जाते. एका अंगणात हे करू जाणे म्हणजे दाटीवाटी करून सर्वच वृक्षांना खुरटे ठेवणे होय. परंतु एका आळीतील दहा घरांनी आपसांत ठरवून कोणी कांचन, कोणी ताम्हण, कोणी सीताअशोक, कोणी बहावा लावला, तर माघापासून ज्येष्ठापर्यंत ती आळी फुललेली राहू शकते. अगदी लहान अंगणात एक पारिजातक किंवा एक देवचाफा पुरतो. पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, ती दिसावयास सुरेख आहे. तिच्या बिया मात्र जीवघेण्या विषारी असल्यामुळे मुलांच्या खेळण्याच्या जागी ती नसावी.

रोप निवडताना उंचीला भुलू नये. लहान पिशवीत फार दिवस राहिलेल्या उंच रोपाची मुळे आतल्या आत वेटोळी झालेली असतात. जमिनीत लावल्यावरही ती वेटोळीच वाढतात आणि दहा-बारा वर्षांनी भरभराटीस आलेला वृक्ष मुळाशीच कमजोर राहतो. पिशवी फाडून मुळे पाहावीत. वेटोळे असेल तर ते सोडवून किंवा छाटून मग रोप लावावे. मध्यम उंचीचे, जाड बुंध्याचे रोप चांगले. खड्डा उन्हाळ्यात सुमारे एक मीटर लांब, तितकाच रुंद व खोल खणून तापू द्यावा आणि पहिला पाऊस चांगला झाल्यावर त्यात माती व कुजलेले शेणखत भरून रोप लावावे. बुंधा पिशवीत जितका मातीत होता तितकाच ठेवावा, अधिक खोल पुरू नये. आधाराची काठी सैल बांधावी आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर काढून टाकावी, कारण वाऱ्याने थोडेफार हलल्याशिवाय खोड जाड होत नाही. आळे दरवर्षी थोडे रुंद करीत न्यावे व पाणी बुंध्याशी न घालता त्याच्या कडेने घालावे. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर कडुनिंब व करंज यांना पाणी लागत नाही. ताम्हण व सीताअशोक यांना ते पुढेही काही वर्षे उन्हाळ्यात द्यावे लागते.